दिवस उगवेपर्यंतची बारी

अण्णांचा फोन आला तेव्हा मी एका सर्व्हरशी भांडत होते. भांडत म्हणजे खरोखरच, तोंडानं. मला ती खोडच आहे. वरच्या खोलीत एक बाई एकटीच बसून कोणाला शिव्या देते, हे खालच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांना आजवर कळलेलं नाही. जुन्या जालन्यात, ठोक कापडाच्या एका दुकानावर माझी भाड्याची खोली आहे. तिथं बसून मी पायथनमध्ये छोटे छोटे प्रोग्राम लिहिते. काम सांगायला सोपं आहे. दुसऱ्याच्या सर्व्हरला प्रश्न विचारायचा, तो देईल ते उत्तर उलगडायचं आणि गिऱ्हाइकाला पाहिजे तेवढंच त्यातून वेगळं काढून द्यायचं. उत्तर येतं ते डब्यात डबे ठेवल्यासारखं. महिरपी कंसात एक नाव, त्याच्यापुढं त्याची किंमत, किंमत म्हणून पुन्हा एक कंस, त्याच्या आत आणखी नावं. एखादा डबा रिकामा निघतो, एखादा असायला पाहिजे तिथं नसतोच, आणि मग माझा प्रोग्राम तोंडावर आपटतो. म्हणून त्या शिव्या.

अण्णा म्हणजे माझे वडील. ते दिवसाउजेडी फोन करत नाहीत, कारण दिवसा ते शेतात असतात आणि मी कामात असते. म्हणून फोन वाजल्याबरोबर मी काम सोडून तो उचलला. माय पडली का, काकाला काही झालं का, असं सगळं डोक्यातून जाऊन आलं. अण्णांनी कसं काय वगैरे काही विचारलं नाही.

"बाई, मोटारीचं सगळं काढून दे," ते म्हणाले. "फोनमधून निघतं म्हणे. चतुर्थीच्या आत पाहिजे."

आमचं गाव राजूरच्या अलीकडं आहे. गावाबाहेर अण्णांची आणि काकाची, दोघा भावांची मिळून एक विहीर. वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या, मधे बांध पडला, पण विहीर वाटता येत नाही म्हणून ती सामायिक राहिली. एक दिवस अण्णांची बारी, एक दिवस काकाची. अण्णा मोठे, काका धाकटा. दोघांच्याही मोसंबीच्या बागा आहेत आणि दोन्ही बागा त्या एका विहिरीवर जगतात.

पूर्वी मोटारीच्या पेटीला कुलूप असायचं आणि किल्ली एकच. ज्याची बारी संपली त्यानं पहाटे, दिवस उगवायच्या वेळेला, ती किल्ली दुसऱ्याच्या हातात नेऊन द्यायची आणि म्हणायचं, "बारी तुझी." लहानपणी मी चहाची किटली घेऊन अण्णांच्या मागं विहिरीवर जायची तेव्हा हे कितीतरी वेळा पाहिलेलं आहे. रात्रभर पाणी देऊन काकाचे डोळे लाल झालेले असायचे, पाय गुडघ्यापर्यंत चिखलात. किल्ली दिली की दोघं भाऊ मोटारीचं पाणी पडतं त्या थाळण्याच्या कडेला बसून चहा प्यायचे आणि मगच काका घरी जायचा.

मग मोबाईलवर चालणारा स्टार्टर बसवला. मोटारीच्या पेटीत एक सिमकार्ड टाकलं, अण्णांचा नंबर आणि काकाचा नंबर त्यात भरला. आता कोणी रात्री विहिरीवर जात नाही. अंथरुणातून फोन लावला की मोटार चालू. काकाकडं साधा बटणांचा फोन, तो नुसता मिस्ड कॉल देतो. अण्णांचा फोन टचवाला, म्हणून स्टार्टर बसवायला आलेल्या मिस्त्रीनं त्यांना अ‍ॅप टाकून दिलं. कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवरून मोटार चालू झाली ते त्यात दिसतं. पेटीचं कुलूप निघालं. शेवटची बारी काकाची होती, म्हणून किल्ली त्याच्याच घरात खिळ्याला राहून गेली.

यंदा विहिरीचं पाणी लवकर खाली गेलं. अण्णांच्या बागेची पानं मुरडायला लागली, त्यांना झोप लागेना, आणि एके दिवशी ते अ‍ॅप उघडून बसले. त्यांच्या स्वतःच्या बारीच्या दिवशी काकाचा नंबर दिसला. मागच्या बारीचं पान उघडलं, तिथंही काकाचा नंबर. आणखी मागं, तरी तेच. अण्णा तडक काकाच्या दारात गेले आणि म्हणाले, मंगळवारी माझी बारी असताना तू मोटार चालू केली. काका म्हणाला, मंगळवारी मी मोटारीला हात लावला न्हाई. अण्णा म्हणाले, फोन खोटं बोलतो का मंग? काका म्हणाला, फोनचं मला माहीत न्हाई, मी खोटं बोलत न्हाई. एवढ्यावर मिटलं असतं तर ते माझे वडील कसले! तिथून ते पारावर गेले आणि चार माणसांत बोलून आले की माझा भाऊ माझं पाणी चोरून राह्यला, न्हाई म्हणत असेल तर चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढं हात ठेवून सांगावं.

हे सगळं मला फोनवरच कळलं. माझं डोकंच सणकलं. मी म्हणाले, अण्णा, सख्ख्या भावाला देवापुढं उभं करता? ते म्हणाले, मी कुठं करून राह्यलो, तो खरा असला तर त्याला काय भीती? पारावरच्या एकानं म्हणे सांगितलं की फोनमधलं पुसताही येतं आणि नवीन घालताही येतं. म्हणून कंपनीकडून सरळ आलेलं, कोणी हात न लावलेलं असं त्यांना पाहिजे होतं. आणि घरात शिकलेली पोरगी असताना बाहेरच्याला कशाला सांगायचं, असंही ते म्हणाले.

काकाबद्दल एक सांगितलं पाहिजे. बारावीनंतर मला घरी बसवायचं जवळपास ठरलं होतं. काका अण्णांशी भांडला, पोरीला जालन्याला घाल म्हणाला आणि हट्टाला पेटून मला घालायला लावलं. आठवड्याच्या बाजारी जालन्याला आला की भाकरी आणि ठेच्याचं गाठोडं घेऊन माझ्या होस्टेलच्या फाटकाशी उभा राहायचा. वॉचमन आत सोडायचा नाही, तर बाहेरच बसून राहायचा. असा माणूस पाणी चोरतो हे माझ्या मनाला पटत नव्हतं. पण मला असंही वाटलं, की बाग डोळ्यांदेखत वाळायला लागली तर माणूस काय करेल ते सांगता येत नाही. दोन्ही गोष्टी एकदम वाटत होत्या आणि त्यानंच मी हैराण झाले होते.

कंपनीला फोन केला. अण्णांच्या नावानं अर्ज केला, त्यांनी आत शिरायला एक लांबलचक पासवर्डसारखी अक्षरं पाठवली. मी प्रश्न पाठवला, उत्तर आलं. नेहमीसारखे कंसात कंस. आत प्रत्येक वेळची नोंद, मोटार केव्हा चालू झाली, केव्हा बंद झाली, कोणत्या नंबरवरून. काही ठिकाणी बंद झाल्याची वेळच नव्हती. मधेच लाईट गेली की पेटी मुकी होते आणि त्या जागी 'नल' येतं, म्हणजे काहीच नाही. असल्या जागी आपल्या मनानं काही भरायचं नसतं. शून्य टाकलं तर मोटार चाललीच नाही असं होतं, आणि अंदाजानं टाकलं तर एखाद्यावर नसलेला आळ येतो. रोजचंच काम हे, पण त्या दिवशी माझे हात जपून चालत होते. या नोंदी कोणा गिऱ्हाइकाच्या नव्हत्या. एक नंबर मी मायच्या पोटात असल्यापासून मला ओळखणाऱ्या माणसाचा होता आणि दुसरा माझ्या बापाचा.

घाईघाईत मी वेळेच्या पुढची तारीख कापून घेतली, बाऱ्यांच्या दिवसांशी जुळवली आणि प्रोग्राम चालवला. काकाचा नंबर अण्णांच्या बारीत एकदाही नव्हता. मी पुन्हा चालवला, तरी नाही. काकाचे सगळे दिवस काकाचे, अण्णांचे सगळे अण्णांचे. मी खुर्चीतून उठले आणि टाळी वाजवली. एकटीच. फोन हातात घेतला, अण्णांना चांगलं झापायचं असं ठरवून.

फोन लावायच्या आधी सवयीनं एकदा मूळ उत्तराकडं बघितलं आणि फोन खाली ठेवला. प्रत्येक वेळेच्या शेवटी झेड हे अक्षर होतं. त्याचा अर्थ असा, की ही वेळ आपल्या घड्याळाची नाही, जगाच्या सामायिक घड्याळाची आहे, इंग्लंडकडची. आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. हे मला माहीत नव्हतं असं नाही, नव्या पोरांना मीच शिकवते. आनंदाच्या भरात बघितलं नाही, एवढंच. साडेपाच तास मिळवले, तारखा पुन्हा कापल्या, प्रोग्राम पुन्हा चालवला. आणि अण्णा म्हणत होते तेच समोर आलं. काकाचा नंबर अण्णांच्या बारीत. पुन्हा पुन्हा.

मला तेव्हा जे वाटलं ते सांगायला शब्द सापडत नाही. राग आला, आणि तो काकाचाच आला. होस्टेलच्या फाटकाशी बसलेला माणूस आठवला आणि त्याच्यावरच चिडले, की का असं केलंस, मागितलं असतंस तर अण्णांनी दिलं नसतं का? तेवढ्यात अण्णांचाच फोन. निघालं का, म्हणाले. मी सांगितलं, अजून नाही, काम चालू आहे. फोन ठेवला आणि खाली जाऊन उगीच रस्त्यावरून एक चक्कर मारून आले. रिक्षावाले हॉर्न वाजवत होते, धान्याच्या गोण्या उतरत होत्या, सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. मला मात्र घरी जाऊन अण्णांच्या हातात हे द्यायचं जिवावर आलं होतं.

वर येऊन पुन्हा बसले. म्हटलं, द्यायचंच आहे तर नीट बघून तरी देऊ. चोरी कोणत्या दिवसांत आहे ते वेगळं काढलं. मग ध्यानात आलं, की ती एक आठवडा असते आणि एक आठवडा नसते. आमच्याकडं शेतीची थ्री-फेज लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात ती मध्यरात्र उलटल्यावर येते आणि उजाडायच्या सुमाराला जाते. काकाची सगळी चोरी रात्रीच्या आठवड्यातली होती. दिवसाच्या आठवड्यात काका बिलकुल सरळ. चोर असला तरी इतका नेमाचा कसा, असं मनात आलं आणि मला दुसरी एक गोष्ट करून बघावीशी वाटली, जी अण्णांनी केली नव्हती आणि तोपर्यंत मीही केली नव्हती. काकाच्या बारीच्या दिवशी अण्णांचा नंबर येतो का ते बघितलं.

येत होता. तितक्याच वेळा. रात्रीच्या आठवड्यात, मध्यरात्रीनंतर, काकाच्या तारखेला, अण्णांचा नंबर.

मी मोठ्यानं हसले आणि लगेच गप्प झाले. मला ती किल्ली आठवली. रात्री बारा वाजता किल्ली कधी हातातून हातात गेलीच नव्हती. ती पहाटे जायची, दिवस उगवताना. सोमवारची बारी म्हणजे सोमवारी दिवस उगवल्यापासून मंगळवारी दिवस उगवेपर्यंत, मधली अख्खी रात्र धरून. सोमवारच्या रात्री एक वाजता काकानं फोन लावला तर ती त्याचीच बारी. काका खरं बोलत होता, मंगळवारी त्यानं मोटारीला हात लावलेलाच नव्हता. आणि अ‍ॅपही खोटं बोलत नव्हतं, त्याच्या हिशोबानं रात्री बाराला मंगळवार लागलेला होता. अण्णांनी जन्मभर पहाटे किल्ली दिली आणि घेतली, पण फोनमधे मंगळवार असं दिसल्याबरोबर ते सगळं विसरून गेले. विहिरीवर जाणं होत असतं तर विसरले नसते.

मी दिवस उजाडताना तोडला आणि पुन्हा जुळवून बघितलं. दोघंही साफ. आणि मग कळलं, की पहिल्यांदा चुकून जे बरोबर आलं होतं ते का आलं होतं. इंग्लंडकडच्या घड्याळात मध्यरात्र होते तेव्हा आमच्या विहिरीवर झुंजूमुंजू होत असतं. त्या परक्या घड्याळाचा दिवस आमच्या किल्लीच्या वेळेलाच बदलत होता. मी त्याला आपल्या वेळेवर आणून चुकीचं केलं होतं. दुसरी कधीची गोष्ट असती तर चार लोकांना सांगितलं असतं. त्या दिवशी फक्त लॅपटॉप पिशवीत घातला आणि राजूरच्या काळी-पिवळी जीपमधे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी चतुर्थी होती.

घरी पोचले तेव्हा अण्णा ओसरीवर होते आणि माय हरभरा निवडत होती. मी चहासुद्धा घेतला नाही. लॅपटॉप उघडून अण्णांपुढं ठेवला आणि आधी त्यांना पाहिजे होतं ते दाखवलं, काकाचा नंबर त्यांच्या दिवशी. ते मायकडं बघून म्हणाले, बघ, मी म्हणत होतो. मग मी काकाच्या बारीचे दिवस उघडले.

"हा नंबर कोणाचा आहे?" मी विचारलं.

अण्णांनी चष्मा वर-खाली केला. नंबर त्यांना पाठ होता, पण ते अंकावर अंक ठेवून वाचत राहिले. नंतर म्हणाले, "माझा. पण ही रात झाली. रात तर आदल्या दिवसाची राहती."

"मग काकाची रात कोणत्या दिवसाची?"

मायच्या सुपातला आवाज थांबला. अण्णांना पुन्हा काही समजावून सांगायची गरज पडली नाही, त्यांना माझ्या आधी कळलं होतं असं त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. कानाच्या पाळीपर्यंत ते लाल झाले. मला वाटलं, आता उठतील. काकाचं घर समोरच आहे, मधे फक्त एक बोळ. काकू अंगणात काहीतरी वाळत घालत होती ते मला बसल्या जागेवरून दिसत होतं.

मी म्हणाले, चला, आत्ताच जाऊन सांगू. ते म्हणाले, चार माणसांत बोललो मी, आता कोणत्या तोंडानं मागं घेऊ. मी म्हणाले, ज्या तोंडानं बोललात त्याच तोंडानं. मायनं माझ्याकडं डोळे मोठे करून बघितलं. अण्णा रागावतील असं वाटलं, पण ते रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. ते खालच्या आवाजात म्हणाले, "मी सांगतो त्याला. माझा भाऊ आहे. तू मधे पडू नको." मग मी मधे पडले नाही. दोघा भावांचं दोघांत मिटलं तर बरं, असंच मलाही वाटत होतं.

त्या संध्याकाळी ते गेले नाहीत. सकाळी उठून जातील म्हटलं, तर सकाळी अंघोळ करून ओसरीवर बसले आणि मायला म्हणाले, आज राजूरला जायचं न्हाई. झालं. त्यांच्या मनात असं होतं, की आपण गेलो नाही म्हणजे आळ मागं घेतलाच, भावाला तेवढ्यावरून कळेल. न जाणं म्हणजेच सांगणं. आमच्या घरातली ही जुनी तऱ्हा आहे. आमच्याकडं माफी कोणी मागत नाही, नुसतं एखाद्या दिवशी ताटात जास्तीचं वाढतात आणि समोरच्यानं समजून घ्यायचं असतं.

काकाला कसं कळणार होतं? तो धुतलेले कपडे घालून, उपाशीपोटी, सकाळच्याच गाडीनं राजूरला निघून गेला होता. मला ते उशिरा कळलं. चतुर्थीची ती गर्दी. आमच्या गावातले पारावरचे दोघं-तिघं तिथं होतेच. तुझे दादा आले न्हाईत का, असं त्यांनी काकाला विचारलं. काका कोणाशी बोलला नाही, रांगेत उभा राहिला. त्याची वेळ आली तेव्हा आत गेला, देवापुढं हात ठेवला आणि सांगितलं, की मी माझ्या भावाचं पाणी कधी घेतलं न्हाई. काकूनं नंतर मायला सांगितलं, की घरी आल्यावरही त्यानं उपास सोडला नाही, भिंतीकडं तोंड करून पडून राहिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंगणात तोंड धूत होते. अण्णा ओसरीच्या पायरीवर बसले होते. काका बोळ ओलांडून आला आणि पायरीच्या खालीच थांबला. त्याच्या हातात पेटीची जुनी किल्ली होती, तिला गंज चढलेला. ती त्यानं अण्णांच्या हातात ठेवली.

"घे दादा. बारी तुझी."

अण्णा गोंधळले. म्हणाले, आज तर तुझी आहे. काका म्हणाला, "आजपण तुझीच. इथून पुढं रोज तुझीच."

अण्णा उठले. अरे, ते फोनमधलं, असं काहीतरी बोलायला लागले. काकानं त्यांना बोलू दिलं नाही. आवाज चढवला नाही, पण थांबवलं.

"मला फोनमधलं कळत न्हाई दादा. मी देवाला सांगून आलो. आता ज्या पाण्यासाठी हात ठेवला ते पाणी मला न्हाई पाहिजे."

तो गेला. अण्णा किल्ली हातात घेऊन उभेच राहिले. मला इतका राग आला होता की मी तांब्या तसाच आपटला आणि आत गेले. मला वाटलं, बापाला धरून गदागदा हलवावं. एक बोळ ओलांडायचा होता, फक्त एक बोळ.

मग मीच गेले. अण्णांनी मधे पडू नको म्हटलं होतं, पण आता राहिलं काय होतं? काकाच्या ओसरीवर बसून त्याला सगळं सांगितलं, घड्याळ, तारीख, रात, किल्ली. त्याला कळलं, बराबर कळलं. मान हलवत ऐकून घेतलं आणि तोंडावर थोडं बरं वाटल्यासारखंही दिसलं. म्हणाला, तुला पटलं ना बाई, बस झालं. मी म्हणाले, अण्णांनाही पटलंय काका, त्यांना तर लगेच पटलं.

"दादाला कधी दाखवलं तू?" त्यानं विचारलं.

मी खोटं बोलू शकले असते. तसं सुचलंही नाही. "चतुर्थीच्या आदल्या दिवशी," मी सांगितलं.

"आदल्या दिवशी," काका म्हणाला. काकूनं चहा आणला होता, तो त्यानं माझ्यापुढं सरकवला, स्वतः घेतला नाही. मला तेव्हाच समजलं की जे थोडं उरलं होतं तेही मी माझ्या हातानं संपवून आले. आळ त्यानं सोसला असता. माहीत असूनही भावानं आपल्याला जाऊ दिलं, हे त्याच्यानं सोसवणार नव्हतं.

आता काका शेजारच्याच्या बोअरवरून पाईप टाकून बागेला पाणी देतो. ते पुरत नाही. विहिरीकडच्या ओळीतली झाडं पिवळी पडलीत, रस्त्यावरून जाताना दिसतात. अण्णांनी पारावर जाऊन चूक कबूल केली, उशिरा का होईना. काकाच्या दारातही जाऊन आले. काका त्यांना बस म्हणाला, पाणी दिलं, बोलला. पण किल्ली परत घेतली नाही. अण्णांनी त्याचा नंबर स्टार्टरमधून काढलेला नाही, आणि काकाच्या बारीच्या दिवशी ते मोटार चालू करत नाहीत. स्वतःची बाग सुकली तरी नाही. तो दिवस तसाच मोकळा ठेवतात.

एक दिवसाआड मला त्यांचा फोन येतो. अ‍ॅप त्यांच्या हातात आहे, पण स्वतः बघवत नाही त्यांना. मी मधलं काम थांबवून प्रश्न पाठवते, काकाच्या बारीचा, उजाडल्यापासून उजाडेपर्यंतचा. उत्तर लगेच येतं, कुठं अडत नाही, चुकत नाही. दोन चौकोनी कंस, मधे एकही नोंद नाही.

"आला का त्याचा नंबर?" अण्णा विचारतात.

"न्हाई अण्णा."

"रातची पण बघितली ना?"

"बघितली."

"बरं," म्हणतात, आणि थोडा वेळ फोन तसाच धरून ठेवतात.